अभिनयात यायचं तर चेहरा बदलावा लागतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी नाशिकची, वय २२. कॉलेजात एकांकिका केल्या, अभिनयाची बक्षिसं मिळवली, आता मालिकांसाठी मुंबईला ऑडिशन द्यायला जाते. रंग सावळा, नाक जरा रुंद, अंगानं भरलेली. दोन ठिकाणी तिला सांगितलं गेलं, "काम छान करतेस, पण लीडचा फेस नाही. नायिकेच्या मैत्रिणीसाठी कळवू." ओळखीच्या एका बाईंनी रंग उजळायच्या इंजेक्शनांचा कोर्स सुचवलाय. नाकाच्या ऑपरेशनचं घरात बोलणं झालंय आणि आई एफडी मोडायला तयार आहे. शेवटी ती विचारते, "ताई, मी सारखी आरशात बघते, सेल्फी काढून स्वतःला तपासत बसते. हा माझा नटवेपणा आहे, की या क्षेत्रात हे लागतंच?"

आधी उत्तर सांगते, कारणं नंतर. इंजेक्शनं घेऊ नकोस. नाकाला इतक्यात हात लावू नकोस. आईला एफडी मोडू देऊ नकोस. आरशात बघतेस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस, नटानं आरशात बघितलंच पाहिजे. पण आरसा कधी सोडायचा हेही नटाला शिकावं लागतं, आणि तुझा प्रश्न वाचून मला काळजी वाटली ती या ठिकाणी. रंगाची आणि नाकाची तेवढी नाही वाटली.

मी रंगभूषा करते. सुरुवात नाशिकच्या हौशी रंगभूमीवर झाली, राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत परशुराम साईखेडकर नाट्यगृहाच्या रंगपटात, म्हणजे नटांच्या मेकअपच्या खोलीत. मग कालिदास कलामंदिर, आणि पुढे बरीच वर्षं मालिकांचे सेट. माणसांचे चेहरे मी वीतभर अंतरावरून, डोक्यावर दिवे तापलेले असताना बघत आले आहे. नवखे, कसलेले, घाबरलेले, माजलेले, सगळेच माझ्यासमोर खुर्चीत येऊन बसले.

तुला खोटा धीर देणार नाही. मालिकेच्या नायिकेसाठी रूप बघतात, आणि रूप म्हणजे बऱ्याचदा गोरेपणच बघतात. हे अन्यायाचं आहे आणि मी ते सेटवर अनेकांना तोंडावर सांगितलेलं आहे. पण निवड कशी होते ते समजून घे, म्हणजे नकार अंगाला कमी चिकटेल. कलाकार जमवणारा कोऑर्डिनेटर फोटो मागवतो. त्यातून थोड्यांना ऑडिशनला बोलावतात. त्यातले काही लूक टेस्टला जातात, नायकासोबत उभं करून जोडी दिसते कशी ते बघतात, उंची जुळते का ते बघतात, आणि शेवटचा शब्द वाहिनीचा असतो. तुला पहिल्या पायरीवर नाकारणारा माणूस स्वतःच्या आवडीनं नाकारत असतोच असं नाही. पुढच्या पायरीवरचा काय म्हणेल याचा अंदाज बांधून तो आधीच गाळणी लावतो. "लीडचा फेस नाही" हे वाक्य म्हणजे त्या माणसाचा त्या दिवसाचा, त्या मालिकेपुरता अंदाज. तो चुकीचा असेल किंवा बरोबर असेल, पण तुझ्या चेहऱ्यावरचा तो निकाल नव्हे. निकाल समजून ऑपरेशन टेबलावर जाऊन झोपायचं तर अजिबात नाही.

सावळ्या मुलींना इथं सगळे स्मिता पाटील यांचं उदाहरण देतात. मीही देते, पण जपून. दूरदर्शनच्या बातम्या वाचणारी ती सावळी मुलगी अभिनयाचे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेली आणि ३१ व्या वर्षी आपल्यातून गेली, हे खरंच आहे. पण एका असामान्य बाईमुळे दार सताड उघडलं असं झालं नाही. दार अजून अरुंद आहे. त्यातून जायची तयारी कशी करायची तेवढंच मी सांगू शकते.

आता माझ्या कामातली एक गोष्ट, जी तुला बाहेर कुणी सांगणार नाही. एका फ्रेममध्ये गोरा नायक आणि सावळी नायिका उभी असली की कॅमेऱ्याचं एक्स्पोजर, म्हणजे उजेड किती आत घ्यायचा ते माप, दोघांना सारखं बसत नाही. नायकाच्या चेहऱ्यावर बसवलं तर नायिकेच्या चेहऱ्यातले बारकावे बुडतात, नायिकेवर बसवलं तर नायक पांढरा फटक होतो. याला उपाय आहे आणि तो अवघड नाही. सावळ्या चेहऱ्याच्या बाजूला एक मऊ दिवा वाढवायचा, मागून केसांवर आणि खांद्यावर उजेडाची कड द्यायची, आणि त्वचेवर किंचित तकाकी राहू द्यायची. सावळी त्वचा उजेड अंगावर घेऊन चमकते तेव्हा देखणी दिसते. पावडर थापून ती चमक मारली की चेहरा सपाट होतो. पण रोजच्या मालिकेत दिवसाला जवळजवळ एक भाग उरकायचा असतो. दिवा हलवायला वेळ नसतो. मग सगळ्यांत सोपा रस्ता निवडला जातो. मेकअपवाल्याला हाक येते, "जरा दोन शेड वर घ्या." दिव्याचं काम पॅनकेककडून, म्हणजे मेकअपच्या जाड बेसकडून, करून घेतलं जातं, आणि मुलीला वाटतं की दोष आपल्या कातडीत आहे.

दोन शेड वर घेतल्यावर काय होतं ते सांगते. फिकट फाउंडेशनमध्ये पांढऱ्या रंगद्रव्याचं, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचं प्रमाण जास्त असतं. ते तपकिरी त्वचेवर बसलं की खालचा रंग त्यातून वर येतो आणि चेहरा राखट दिसतो. मान वेगळी, हात वेगळे, चेहरा वेगळा. फ्लॅश पडला तर आणखी पांढरा. यापेक्षा तुझ्या त्वचेचाच रंग घे, ओठांभोवती आणि डोळ्यांखाली जिथं काळपट आहे तिथं आधी नारिंगी करेक्टर अगदी पातळ लाव, वर सोनेरी झाक असलेला बेस. फाउंडेशनची शेड मनगटावर कधीच बघू नकोस. जबड्याच्या कडेला लावायची, दुकानाबाहेर येऊन दिवसाच्या उजेडात बघायची, आणि दहा मिनिटं थांबायचं, कारण बरेच बेस हवेनं आणि त्वचेच्या तेलानं थोडे गडद होतात. तुझी शेड असलेली बाटली स्वतःची स्वतः घेऊन फिर. सेटवर प्रत्येक मेकअपमनकडे सावळ्या त्वचेच्या शेड असतात असं समजू नकोस. अनेकांच्या पेटीत त्या नसतात. आपली बाटली पुढे करून "दादा, मला ही शेड बसते" म्हणणाऱ्या मुलीचा राग कुणी करत नाही.

नाटकाचं गणित जरा वेगळं. तिथं अंबर दिवे सावळा चेहरा उबदार करतात, निळ्या-हिरव्या उजेडात लाल लिपस्टिक काळी दिसते. आजकाल बऱ्याच ठिकाणी एलईडी आले आहेत, त्यांच्याखाली जुन्या सवयीनं केलेली रंगभूषा फिकी आणि आजारी दिसू शकते. म्हणून तालमीत एकदा तरी दिव्यांखाली पूर्ण रंगभूषा करून, कुणाला तरी शेवटच्या रांगेत बसवून बघून घ्यावं. हे न करता प्रयोगाच्या दिवशी रंगपटात रडणाऱ्या मुली मी फार पाहिल्या.

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार आहेत, आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. वेशभूषा-रंगभूषा आहार्यात येते. तिथं रंग लावण्याचा विचार पात्रावरून केलेला आहे. हे पात्र देव आहे की दानव, कुठल्या देशातलं, कुठल्या अवस्थेतलं, त्याप्रमाणे वर्ण. नटाला गोरं करणं हा तिथला हेतूच नाही. आणि त्याच ग्रंथात प्रत्येक रसाला एक वर्ण दिलाय, त्यात शृंगाराचा वर्ण श्याम आहे. नायिकेसाठी गोराच रंग हवा असं तुला जो कुणी सांगतो, त्याच्यामागे नाट्यशास्त्राची परंपरा नाही. गेल्या काही दशकांच्या जाहिराती आहेत.

इंजेक्शन आणि मलमं. इथं मी कडक बोलणार आहे. अशा इंजेक्शनांत बहुधा ग्लुटाथायोन नावाचं औषध असतं, आणि त्याचे शिरेतून दिले जाणारे डोस त्वचा उजळण्यासाठी म्हणून आपल्याकडे मान्यताप्राप्त नाहीत. ज्या बाईंनी तुला सुचवलं त्यांना विचार, देणारा डॉक्टर कोण, त्वचारोगतज्ज्ञ आहे का, आणि कागदावर लिहून देईल का. ही इंजेक्शनं परिणाम टिकवायला पुन्हा पुन्हा घ्यायला सांगतात, म्हणजे खर्चही थांबत नाही. त्याहून जास्त सर्रास चालतात ती रात्री लावायची "गोरं करणारी" मलमं. त्यांत बरेचदा स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा इतका नितळ होतो की आजूबाजूच्या मुली नाव विचारतात. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुळ्या येतात, गालावर लव वाढते, आणि मलम थांबवलं की आग होते, म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतात. काही बेनामी क्रीममध्ये पारा असतो आणि पाऱ्यानं मूत्रपिंड बिघडतं.

मी हे वाचून सांगत नाही. माझ्या खुर्चीत एक मुलगी आली होती, चांगली नटी, नाव सांगत नाही. स्पंज टेकवला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. दिव्याखाली गेली की चेहरा तांबडा. पॅनकेक नाही, पावडर नाही, काहीच सहन होईना. तिला प्रयोग सोडावा लागला. पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे कित्येक महिने उपचार घेऊन त्वचा बरी झाली, पण एक हंगाम हातचा गेला. रंग उजळायला गेली आणि रंगच लावता येईना. रंगभूषेच्या धंद्यात राहून मी तुला कळकळीनं सांगते, रंगमंचावर जाणाऱ्या माणसाला गोऱ्या त्वचेपेक्षा सोसणारी त्वचा हवी. मुरूम, वांग, डाग असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणं अगदी योग्य आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जुन्या नटांनी तर सफेदा आणि मुर्दाडशिंग तोंडाला फासून उभी हयात काढली, त्यात शिसं असायचं. त्यांना पर्याय नव्हता. तुला आहे.

आणि मेकअप उतरवण्याचा कंटाळा करू नकोस. आधी खोबरेल तेल किंवा क्लेन्झिंग बाम, मग फेसवॉश. दाढी-मिशी चिकटवायचा स्पिरिट गम ओढून काढायचा नाही, रिमूव्हरनं भिजवून सोडवायचा. दुसऱ्याची काजळपेन्सिल घ्यायची नाही, डोळे येतात. नवीन काही लावायचं असेल तर आदल्या दिवशी कानामागे लावून बघायचं.

नाकाबद्दल. तू सेल्फीत नाक बघतेस, आणि सेल्फी तुला फसवते आहे. हातभर अंतरावरून लेन्स जवळच्या गोष्टी मोठ्या करते, आणि चेहऱ्यात सगळ्यांत पुढे नाकच असतं. संशोधकांनी हिशेब मांडून बघितलेलं आहे, १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. मालिकेचा कॅमेरामन तुझा क्लोज-अप हातभर अंतरावरून घेत नाही. तो लांब राहून लांब फोकल लेन्थवर, म्हणजे झूम केल्यासारखा, घेतो. म्हणजे ज्या नाकावरून तू रडतेस ते नाक पडद्यावर येणारच नाही. आज रात्री फोन पाच-सहा फुटांवर ठेव, थोडं झूम कर, खिडकीच्या उजेडात टायमर लावून फोटो काढ आणि दोन्ही शेजारी ठेवून बघ. ऑपरेशनबद्दल एवढंच, की सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागू शकतं, आणि नाक हा आवाजाच्या नादाचा भाग आहे. म, न, ण ही अक्षरं तिथून जातात. पुढेमागे खरंच करायचं ठरलं तर सर्जनला पहिला प्रश्न श्वासाचा आणि आवाजाचा विचार. कपाळावर बोटॉक्स घेतलेल्या नट्यांची रंगभूषा मी केली आहे. त्याचा परिणाम तीन-चार महिने राहतो आणि तेवढे महिने कपाळ काही बोलत नाही. क्लोज-अपमध्ये शंका, भीती, अपराधीपणा हे सगळं कपाळात आणि भुवयांत असतं. सुरकुती दिसत नाही खरं, पण तिच्याबरोबर विचारही दिसेनासा होतो.

वजनावर फार लिहीत नाही. दम टिकतो का, जिना चढून आल्यावर एक स्वगत न तुटता म्हणता येतं का, एवढं बघ. नायिका दिसायचं म्हणून जेवण तोडलंस तर आवाजाखालचा आधार जातो, पाळी बिघडते, आणि उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, मग त्यावर दुसरे उपचार. व्यायाम कर, नाच शीक, पोह. एवढं पुरे.

आता तुझा खरा प्रश्न, आरशाचा.

नटाला स्वतःच्या दिसण्याची जाणीव हवी. आपली डावी बाजू चांगली दिसते की उजवी, हसताना हिरडी दिसते का, मान पुढे येते का, हे ठाऊक नसेल तर तो कच्चा कारागीर आहे. रंगपटातला आरसा त्यासाठीच आहे. त्यात गर्व कसला? बालगंधर्वांचं सांगतात, त्यांच्या शालूची, दागिन्यांची, केसांतल्या फुलांची नक्कल घरंदाज बायका करायच्या. ते सौंदर्य फार काळजीनं उभं केलेलं होतं. पुढे वय झालं, शरीर सुटलं, तरी लोक गाणं ऐकायला येतच राहिले. सजणं कलेच्या कामाला आलं की ते वायफळ राहत नाही.

बिघडतं कधी, तर भूमिकेला जे हवं ते द्यायला नट नकार देतो तेव्हा. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की त्यावर स्वतंत्र लिहिता येईल. कांदे साठवायच्या कांदाचाळीवर राबणाऱ्या मजूर बाईची भूमिका, आणि मुलीच्या बोटांना दोन इंच लांब जेलची नखं. काढायला सांगितलं तर "पैसे घातलेत त्यात." पन्नास वर्षांपूर्वीच्या वाड्यातलं नाटक, आणि नायिकेचे केस स्ट्रेटनिंग करून टोकाला सोनेरी. घरात मयत झालंय असा प्रवेश, आणि लिपस्टिक पुसायला नकार. मुलंही तितकीच. ऐतिहासिक नाटकात मावळा व्हायचं आणि दाढीला फेड मारून यायचं. टक्कल पडायला लागलेल्या माणसाला बापाची भूमिका मिळाली तर त्याच्यासाठी ते टक्कल वरदान आहे, पण तो विग मागतो. मिशी काढायला सांगितली की तालमीला यायचं बंद करणारे महाभागही पाहिले.

मिशीवरून आठवलं, हे दुखणं फार जुनं आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ च्या राजा हरिश्चंद्रासाठी तारामती शोधत होते. बाई मिळेना. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके मिळाले, सडपातळ, नाजूक हातांचे. त्यांनी मिशी उतरवली आणि तारामती झाले, असं सांगतात. १९१७ च्या लंकादहनात तर रामही तेच आणि सीताही तेच. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. त्या काळी पुरुषानं मिशी उतरवणं म्हणजे काय असेल याचा विचार कर. त्यांनी चेहरा भूमिकेच्या स्वाधीन केला.

आणि आपल्या गावचंच दुसरं उदाहरण घे. तात्यासाहेब शिरवाडकरांचा नटसम्राट १९७० च्या डिसेंबरात रंगमंचावर आला. डॉ. श्रीराम लागू तेव्हा ४३ वर्षांचे होते. भर उमेदीतला नट स्वतःला म्हातारा, थकलेला, उघड्यावर पडलेला दाखवायला तयार झाला. आज बावीस वर्षांच्या मुलींना मी म्हातारीची भूमिका घे म्हटलं की त्या म्हणतात, "मग मला तशाच भूमिका मिळतील." अगं, मिळू देत! म्हातारी उभी करायला पाठीचा कणा, गुडघे, श्वास, बोलण्याची गती हे सगळं बदलावं लागतं. पांढरी पावडर आणि डोळ्यांखालच्या चार रेषा मी देते, बाकीचं तुम्हाला करायचं असतं. त्या एका भूमिकेत जे शिकायला मिळतं ते सुंदर दिसायच्या दहा भूमिकांत मिळत नाही.

दुसरी खूण अशी की प्रवेश चालू असताना नट स्वतःला बाहेरून बघत राहतो. समोरचा बोलतोय, हा आपली बट नीट करतोय. रडायचं आहे आणि काजळ पसरेल म्हणून ती बोटाच्या टोकानं अलगद अश्रू टिपते आहे. प्रेक्षकाला हे कळतं. काय बिनसलं ते त्याला सांगता येणार नाही, पण त्याचं लक्ष उडतं. समोरच्या नटाला तर लगेच कळतं, कारण त्याला उत्तर मिळेनासं होतं. तू सेल्फी काढून स्वतःला सारखी तपासतेस ना, त्याची सवय लागली की ती इथवर येते. म्हणून माझ्या रंगपटात मी एक नियम ठेवलाय. तिसऱ्या घंटेच्या आधी शेवटची पाच मिनिटं आरशासमोर कुणी बसायचं नाही, फोन बॅगेत. सगळे उभे राहतात, एकमेकांकडे बघतात, पहिली वाक्यं म्हणतात. विचित्र वाटतं काहींना. पण पहिल्या प्रवेशातला फरक विंगेतून दिसतो.

तुला एक अभ्यास देते. सुरगाणा, पेठच्या भागात बोहाडा होतो, बघितला नसशील तर जाऊन बघ. देवादिकांचे मोठाले मुखवटे घालून संबळाच्या तालावर सोंगं नाचतात. मुखवट्याच्या आत कोण आहे, काळा की गोरा, कुणी विचारत नाही. सोंग जिवंत वाटतं की नाही ते पावलांवर, खांद्यांवर, मानेच्या झुलण्यावर ठरतं. घरी एक साधा पांढरा मुखवटा घे, नसेल तर ओढणी चेहऱ्यावर बांध, आणि तुझ्या ऑडिशनचा प्रवेश तसाच कर. मैत्रिणीला बघायला बसव. चेहऱ्याशिवाय तिला काय कळलं ते विचार. बहुतेक तुझे हात काहीच करत नव्हते असं ती सांगेल, कारण आजवर तुझं सगळं लक्ष नाकावर होतं. महिनाभर हे कर, आणि तेवढे दिवस सेल्फी कॅमेरा बंद ठेव. जमलं नाही, आरशापासून उठताच येत नाही, त्यापायी बाहेर जाणं टळतंय, जेवण सुटतंय असं झालं, तर तो नटवेपणा नव्हे. तो मनाचा त्रास आहे, आणि त्यावर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ मदत करतात. या क्षेत्रात अनेकांनी ती घेतली आहे.

ऑडिशनचं थोडं. फोटो चार पुरेत, समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि पूर्ण उभा. दिवसाचा उजेड, फिल्टर नाही, रंग उजळवलेला नाही. फोटोत गोरी आणि दारात सावळी अशी मुलगी आली की समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं आणि तिचं काम बघायच्या आधीच त्याचं मन बसतं. पार्लरमधून मेकअप करून जाऊ नकोस. पहाटे नाशिकरोडहून निघून कसारा उतरून, लोकल बदलून, दुपारी वर्सोव्याच्या आरामनगरात, जिथं ऑडिशन चालतात, तिथल्या रांगेत उभं राहीपर्यंत तो मेकअप उतरलेला असतो. शक्य असेल तर आदल्या रात्रीच कुणाकडे तरी मुक्कामाला जा, झोप झालेला चेहरा कॅमेऱ्याला लगेच कळतो. एकरंगी कपडे, केस कपाळावरून मागे, अंगावर बारीक नक्षी नको. आणि ऑडिशनसाठी, रजिस्ट्रेशनसाठी, "आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ" म्हणून जो पैसे मागतो त्याच्याकडे पुन्हा जायचं नाही. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

कुणी "ग्रूमिंग कर" म्हणालं तर विचार, नेमकं काय? दात, केस, चालणं, बोली, की वजन? दातांची स्वच्छता, केसांचा चांगला कट, उभं राहण्याची ढब यांवर मी आनंदानं खर्च करायला सांगेन. उत्तरात "थोडा रंग" आलं तर नमस्कार करून निघ.

मैत्रिणीची भूमिका मिळाली तर घे. पण तिला मैत्रीण म्हणून करू नकोस. ती कुठं राहते, तिच्या घरी कोण आजारी आहे, ती नायिकेचं एवढं ऐकून का घेते, हे ठरवून जा. निळू फुल्यांकडे नायकाचा म्हणतात तसा चेहरा नव्हता. पण ते पडद्यावर आले की बाकी सगळे अंग चोरून उभे असल्यासारखे दिसायचे. दुय्यम भूमिकेत सेटवर दिवस जातात, कॅमेरा, लेन्स, दिवा समजतो, आणि दिग्दर्शकाला तुझी सवय होते. पुढच्या मालिकेच्या वेळी तो फोटो बघत नाही, तू आठवतेस.

आईला माझा नमस्कार सांग. त्यांना मुलीचं भलंच हवंय, त्यांच्यावर चिडू नकोस. एफडी राहू दे. त्यांना काही द्यायचंच असेल तर वर्षभर आवाजाच्या शिक्षणाची फी द्यावी, गाण्याचा किंवा कथकचा क्लास लावून द्यावा, आणि मुंबईला मुक्काम करावा लागला तर राहण्याची सुरक्षित सोय करावी. आणि त्वचेसाठी एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून त्यांनी सांगितलेलं सनस्क्रीन घेऊन द्यावं, त्याशिवाय उन्हातल्या आउटडोअर शूटिंगला जाऊ नकोस.